अन्यथा

जगाचे माझ्याकडे ७०६ रुपये ८२ पैसे येणे आहे, ही वार्ता मला एका गुरुवारी दुपारी, भोजनोत्तर वामकुक्षीसाठी डाव्या कुशीवर वळण्याच्या नेमक्या क्षणी, दूरध्वनीवरून कळली. वार्ता देणारी स्त्री होती, तिचा स्वर मधाळ होता, आणि माझ्या प्रकृतीची तिने प्रथमच इतक्या आस्थेने विचारपूस केली की, ही आमच्या विमा एजंटाची सून असावी अशा समजुतीने मी तिला गुडघ्याच्या दुखण्याचा साद्यंत वृत्तांत ऐकविला. तो तिने अखेरपर्यंत ऐकून घेतला, हे तिच्या सौजन्याचे द्योतक मानावयास हवे, कारण त्यानंतर “मग सर, पेमेंट आज करताय की उद्या?” असा जो प्रश्न तिने केला, त्यात गुडघ्याचा मागमूसही नव्हता.

ह्या ७०६ रुपये ८२ पैशांचा उगम बोईसरला आहे. चिरंजीव तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरीस असताना नवापूर रस्त्याला त्याचे बिऱ्हाड होते आणि नातवाच्या ओढीने आम्ही उभयता पालघरचे घर बंद करून वर्ष-दीड वर्ष तेथे जाऊन राहिलो होतो. घरात इंटरनेटची तार घ्यावयाचे ठरले तेव्हा हाताशी सापडलेले आधार कार्ड माझे होते. सबब जोडणी माझ्या नावे झाली. दरमहा ५९९ रुपये, त्यावर शेकडा १८ प्रमाणे कर १०७ रुपये ८२ पैसे, असा हिशेब होता आणि तो मी बिनतक्रार चुकता करीत आलो. पुढे एका जुलैत संततधार लागली आणि ती तार जी निवर्तली ती पुन्हा उठली नाही. ज्या परिसरात अणू फोडण्याची विद्या १९६९ पासून अवगत आहे, तेथे तुटलेली तार सांधावयास माणूस मिळेना. तेवढ्यात चिरंजीवाला पुण्यास नोकरी मिळाली, बिऱ्हाड मोडले, भिंतीवरचे ते लुकलुकणारे यंत्र कंपनीचा इसम येऊन घेऊन गेला आणि त्याच्याकडून पावती घेण्याचे मी त्या धांदलीत विसरलो, जी चूक माझ्या हाताखालच्या कोणा कारकुनाने केली असती तर मी त्याची वेतनवाढ रोखावी अशी शिफारस केली असती. महिनाअखेर त्या मृत तारेचे सबंध महिन्याचे बिल आले. गवळ्याने जे दूध घातलेच नाही त्याचे पैसे देऊ नयेत, हा आमच्या घराण्यातला जुना दंडक आहे. मी ते दिले नाहीत.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. महसूल खात्यात कनिष्ठ लिपिक म्हणून चिकटल्यापासून अव्वल कारकून होऊन निवृत्त होईपर्यंत, पस्तीस वर्षे, मी सरकारच्या वतीने लोकांच्या मागे हेच लावले होते. शेतसारा, तगाई, बिनशेती आकार, दंड, आणि इतर खात्यांनी हात टेकल्यावर ‘जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करावी’ असा शेरा मारून आमच्या अंगावर ढकललेल्या नाना जातींच्या रकमा मी वसूल केल्या. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे १७६ वे कलम, ज्यात मागणीच्या नोटिशीपासून अटकेपर्यंतचे सारे उपाय सांगितले आहेत, ते मला रामरक्षेइतके पाठ होते. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते. पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा निघाला तोही २०१४ सालच्या १ ऑगस्टलाच. त्यामुळे ह्या जिल्ह्याचा जन्मच वसुलीच्या मुहूर्तावर झाला, अशी आम्हा निवृत्तांची श्रद्धा आहे. अशा माणसाने थकबाकीदार व्हावे, हे आयुष्यभर इतरांची लग्ने लावणाऱ्या भटजीने उतारवयात स्वतः बोहल्यावर उभे राहण्यासारखे होते: मंत्र सारे ओळखीचे, परंतु ते चुकीचे म्हटले जात आहेत हे ऐकत निमूटपणे हात जोडून उभे राहावयाचे.

आणि ते फारच चुकीचे म्हटले जात होते. मधाळ स्वर दोन आठवड्यांत आटला. त्याच्या जागी पुरुषांचे राकट आवाज आले, जे दर वेळी निराळे नाव सांगत आणि “मैं लीगल डिपार्टमेंट से बोल रहा हूँ” ह्या एका वाक्याने आरंभ करीत. त्या डिपार्टमेंटात मागे कोंबडा आरवत असल्याचे मी एकदा स्पष्ट ऐकले. रक्कम प्रथम १,२५० झाली, मग २,९०० आणि दिवाळीच्या सुमारास ४,८७० वर पोहोचली; ह्या चढाईत मूळचे ८२ पैसे कोठे गळून पडले, असे मी विचारले असता पलीकडून जो शब्द उच्चारण्यात आला तो संहितेच्या कोणत्याही कलमात बसणारा नव्हता. ‘लास्ट वॉर्निंग’ ह्या मथळ्याचे संदेश मला तोवर अकरा आले. आम्ही सरकारी माणसेसुद्धा ‘अंतिम स्मरणपत्र’ फार तर तीनदा पाठवीत असू.

येथवर सारे सह्य होते. परंतु एके सकाळी पुण्याहून आमच्या व्याह्यांचा फोन आला. आमचे व्याही बोलण्यात अत्यंत मृदू आहेत, आणि आमच्या हिच्या मते तेच त्यांचे खरे शस्त्र आहे. “काही नाही, सहज केला,” असे म्हणून त्यांनी पाऊसपाणी, नातवाची शाळा, भाताचे भाव असे करीत करीत, “आणि हे पाहा, काही ओढाताण असेल तर निःसंकोच सांगा हं, परके समजू नका,” येथे आणून सोडले. त्या वसुलीवाल्यांनी कोठून तरी क्रमांक मिळवून त्यांना माझ्या कर्जबाजारीपणाची वर्दी दिली होती! लग्नात मानपानाच्या याद्यांपासून जेवणाच्या पंगतीपर्यंत एकाही गोष्टीत ज्यांनी आम्हांस खाली पाहू दिले नव्हते आणि ज्यांना आम्हीही दिले नव्हते, त्या गृहस्थांनी मला ७०६ रुपयांसाठी सहानुभूती दाखवावी! ही त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी फक्त इतकेच म्हणाली, “अहो, मी सांगत नव्हते, आधार कार्ड तुमचं देऊ नका म्हणून?”

त्यानंतर ‘टीम’ निघाली. “टीम निकल चुकी है,” असे मला सकाळी दहा वाजता कळविण्यात आले. कोठून निघाली, असे विचारता उत्तर आले, विरार. आता कोणी आपल्याकडे यावयास निघाले आहे असे कळल्यावर त्यास वाट न सांगणे हे शिष्टाचारास धरून नाही; सबब मी त्या गृहस्थांस सांगितले की, विरारहून डहाणूची लोकल धरावी, वैतरणा, सफाळे, केळवे रोड आणि चौथे पालघर; गर्दीत दाराशी आधीपासून सरकून राहावे, नाहीतर उमरोळीस जाऊन उतराल; स्थानकाबाहेर पडून हुतात्मा स्तंभापाशी यावे, जेथे १९४२ च्या १४ ऑगस्टच्या गोळीबारात गेलेल्या पाच जणांचे स्मारक आहे, तेथे क्षणभर थांबावे, आणि मग माहीमच्या रस्त्याला लागून कोणासही विचारावे. किती माणसे आहेत, असेही विचारून घेतले. “चार,” असे उत्तर आले. हिने चार माणसांच्या बेताने पोहे भिजविले. टीम आली नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निघाली व पुन्हा आली नाही. पोहे दोन्ही दिवस आम्हीच खाल्ले. तिसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा ही म्हणाली, “त्यांना म्हणावं, आधी पोचा, मग भिजवीन.”

वसुलीस आलेल्या माणसास खाऊ घालण्याची ही रीत आमच्या घरची नव्हे. तिला इतिहासाचा भरभक्कम आधार आहे. पेशवाईत थकबाकीदाराच्या दारी जो मोहसल बसविला जाई, त्याच्या पोटापाण्याचा भार थकबाकीदारानेच सोसावयाचा असे. आणि बोलावणे घेऊन येणाऱ्या प्याद्याचा जो खर्च ज्याला बोलाविले त्याच्याकडूनच उकळीत, त्याला ‘मसाला’ हे यथार्थ नाव होते. एल्फिन्स्टनसाहेबाने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात ह्या तगाद्याचे मोठे रसाळ वर्णन आहे. ऋणको बरोबरीचा अथवा खालचा असेल तर धनको त्याला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, उन्हात बसवीत असे. परंतु ऋणको थोर असेल तर तोच धनको प्रथम आर्जवे करी, त्याच्या उंबरठ्यावर आडवा पडे, दारात आक्रोश मांडी, किंवा हे सर्व करावयास दुसऱ्यास भाड्याने बसवी, आणि अगदीच निरुपाय झाला म्हणजे त्याच्या दारी उपाशी बसे, की मग आतल्या थोर पुरुषासही जेवता येत नसे. आणि मागणी न्याय्य असेतोवर असल्या माणसास हाकलून देणे कमीपणाचे मानीत. म्हणजे आमच्या टीमने खरोखरी येऊन ओट्यावर उपोषण मांडले असते, तर ते पोहे मलाही वर्ज्य झाले असते. पण त्यास यावे लागते. विरारहून नुसते निघून भागत नाही.

थोरामोठ्यांसही हे चुकलेले नाही. खुद्द थोरल्या बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिताना आपण कर्जाच्या नरकात पडलो असल्याचे व सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडून पडून कपाळाचे कातडे झिजल्याचे निवेदन केले आहे. ह्यातली खुबी अशी की, हे स्वामी स्वतःही व्याजाने पैसे देत असत. धनकोजवळच इतर धनकोंची तक्रार करावयाची आणि तीही अशी, की त्याने आपले येणे मागण्यास तोंड उघडू नये. ह्याहून श्रेष्ठ प्रतीचे मुत्सद्देगिरीचे उदाहरण मला ठाऊक नाही. बोईसरला असताना मी संध्याकाळी कधी चिंचणीच्या किनाऱ्यावर, कधी तारापूरच्या किल्ल्याकडे फिरावयास जात असे. १७३९ च्या जानेवारीत हा किल्ला मराठ्यांनी घेतला तेव्हा बाजी भिवराव रेठरेकर येथे पडले. त्या काळ्या तटाखाली उभे राहून माझ्या कारकुनी मनात नेहमी हाच विचार येई की, येथे जे लढले त्यांच्यापैकी कितीजणांचा पगार त्या दिवशी थकलेला असेल.

मात्र ह्याच मुलखात, किनारा सोडून तलासरी-डहाणूच्या जंगलपट्टीकडे गेले, की तगादा हा चेष्टेचा विषय उरत नाही. लग्नापुरते चार पैसे सावकार-जमीनदाराकडून उचलले म्हणून नवरा-बायको दोघांनी वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबावे, ह्या प्रकाराला तेथे ‘लग्नगडी’ असे लग्नाच्या थाटाचे नाव होते. वेठीला आणि लग्नगडीला नकार देण्याचा निश्चय वारल्यांनी १९४५ च्या मे महिन्यात झरीच्या सभेत केला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकात ती हकिगत आहे आणि ती वाचताना मला माझ्या ७०६ रुपयांची लाज वाटते. त्याच्याही आधी, १८७५ च्या १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतेपत्रे जाळली, आणि चार वर्षांनी सरकारला शेतकऱ्यांच्या कर्जासाठी कायदा करावा लागला. आज कोणास तसा संताप आला तरी जाळावे काय? माझे खाते कोठे ठेवले आहे, असे मी विचारले तेव्हा “क्लाउड में,” म्हणजे ढगात, असे मला सांगण्यात आले. ज्या ढगाने माझी तार बुडविली त्यातच माझी बाकी लिहून ठेवलेली असावी, ही योजना निर्दोष आहे.

वसुलीत चेहरा लागतो, असे माझे मत आहे व ते अनुभवाचे आहे. १९७८ च्या सुमाराची गोष्ट. एका खेडुताने बैलासाठी तगाई घेतली होती. बैल मेला, तगाई जिवंत राहिली. नोटिसा झाल्या, तलाठी झाला, कोतवाल झाला. अखेर जप्तीस मी गेलो. आता स्वयंपाकाची भांडी जप्त करता येत नाहीत, अंथरूण-पांघरूण करता येत नाही, अंगावरचे कपडे आणि बाईचे मंगळसूत्र करता येत नाही, शेतीची अवजारे करता येत नाहीत, आणि हे सारे वजा जाता त्या घरात एक ट्रान्झिस्टर उरला. पंचनामा करून तो कचेरीत आणला व रेकॉर्डच्या कपाटावर ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गृहस्थ हजर! म्हणाला, “रावसाहेब, बातम्या ऐकू?” पंचनाम्यात ‘रेडिओ नग १’ असे होते, सेलांचा उल्लेख नव्हता. ते त्याने घरीच काढून ठेवले होते, ते कनवटीतून काढून आत घातले, बातम्या ऐकल्या आणि सेल काढून घेऊन गेला. हा त्याचा परिपाठ झाला. पुढे ‘वनिता मंडळा’साठी त्याची बायकोही येऊ लागली, ती येताना कधी शेवग्याच्या शेंगा, कधी काकड्या आणी. सातव्या आठवड्यात मामलेदारांनी मला बोलावून विचारले की, ह्या जप्तीने नेमके कोण जेरीस आले आहे? त्या शनिवारी त्या माणसाने निम्मी रक्कम भरली, निम्मीची मुदत मागून घेतली आणि रेडिओ नेला. कचेरीला पुढे कितीतरी दिवस दुपार खायला उठे.

म्हणूनच, फेब्रुवारीत एके दिवशी फाटकाची कडी वाजली आणि पाठीला पिशवी अडकविलेला एक विशी-बाविशीचा मुलगा “काका, बिलाचं होतं...” म्हणत उभा राहिला, तेव्हा मला झालेला आनंद लपविणे जड गेले. टीम आली होती! ती एकच होती आणि विरारची नसून बोईसरकडची होती, एवढाच काय तो फरक. मोटारसायकल त्याने आमच्या फाटकाशी न लावता दोन घरे सोडून चिंचेखाली लावली होती, कारण विचारता तो लाजून म्हणाला, “हप्ता राहिलाय काका. त्यांची माणसं गाडी उचलतात.” प्रत्येक भेटीचा पुरावा म्हणून थकबाकीदाराच्या दाराशी उभे राहून फोटो काढावयाचा व तो कंपनीस धाडावयाचा, असा नियम होता. मी त्याला थांबवून आत जाऊन टोपी घालून आलो. त्या छायाचित्रात आम्ही दोघे एखाद्या ग्रंथालयाच्या वर्धापनदिनास जमल्यासारखे दिसतो.

पोहे खात असता मी त्याला कागद मागितला. “कागद नसतो काका, मेसेज असतो,” असे म्हणून त्याने ती बारावी लास्ट वॉर्निंग मला दाखविली. मी चष्मा लावला. जावक क्रमांक नाही. दिनांक नाही. विषय नाही, संदर्भ नाही. रकमेचा तपशील नाही. कोणाच्या सहीने, कोणत्या अधिकारात, काहीही नाही. नुसते तांबडे ठसठशीत अक्षर आणि पाच उद्गारचिन्हे. मी त्याला विचारले, “हे वाचून कोणी पैसे देतं का रे?” तो म्हणाला, “शिव्या देतात.”

त्याला ज्ञान द्यावे असे मला वाटले, हाच माझ्या ऱ्हासाचा आरंभ. प्रथम मी त्याला दामदुपटीचा न्याय सांगितला: धर्मशास्त्राने घालून दिलेला आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही मानलेला, की एका वेळी घ्यावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये, सबब तुमचा ४,८७० चा आकडा शास्त्रबाह्य असून मुद्दल ठरलेच तर फार फार तर १,४१३ रुपये ६४ पैसे मागता येतील. मग त्याच आवेशात रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाचा दाखला दिला, की सकाळी आठच्या आत व सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करण्यास मनाई असताना तुमची माणसे मला रात्री नऊला उठवितात. मुलाने ते सारे टिपून घेऊन आपल्या वरिष्ठास विचारले आणि दोन दिवसांनी येऊन अत्यंत अदबीने सांगितले की, “काका, सर म्हणाले, ते परिपत्रक बँका आणि फायनान्सवाल्यांना आहे. आपली तर इंटरनेटची कंपनी.” मी परिपत्रक पुन्हा काढून पाहिले. सर बरोबर होते. पस्तीस वर्षांच्या नोकरीत अधिकारक्षेत्राची चूक माझ्या हातून झाली नव्हती. ती निवृत्तीनंतर, एका पोरासमोर, पोह्यांच्या बशीवर झाली.

त्या नामुष्कीची भरपाई म्हणून असेल, मी त्याला नोटीस कशी लिहितात ते शिकावयास बसविले. तो मंगळवारी व शुक्रवारी येऊ लागला. मी त्याला सांगितले की, धमकीत नाव घेतले की भीती मरते. ‘पोलीस आणू’ म्हटले की माणूस पोलिसांचा विचार करतो आणि आपला मेहुणा हवालदार असल्याचे त्याला आठवते. ‘कोर्टात खेचू’ म्हटले की तारखांचा विचार करतो आणि निश्चिंत होतो. परंतु ‘पुढील उचित कार्यवाही अनुसरण्यात येईल’ असे लिहिले, की ती कार्यवाही काय हे लिहिणाऱ्यासही ठाऊक नसल्याने वाचणाऱ्याची झोप जाते. कर्ता कधीही लिहू नये. ‘मी कळवितो’ म्हणणाऱ्यास लोक विचारतात, तू कोण? ‘येणेप्रमाणे कळविण्यात येत आहे’ म्हटल्यावर कोणी विचारत नाही, कारण कोणी कळवीतच नसते. ते आपले आपण कळविले जात असते, जसा पाऊस पडतो. आणि ह्या साऱ्याच्या मध्यभागी, ओळीच्या आरंभी, एकटा, स्वल्पविरामासह, ‘अन्यथा’. मराठी भाषेत वसुलीस इतका उपयोगी पडलेला शब्द दुसरा नाही. माझे एक जुने वरिष्ठ म्हणत की, ‘अन्यथा’नंतर नवी ओळ करावी व थोडी कोरी जागा सोडावी, उरलेले काम ती जागा करते.

मुलगा हुशार निघाला. चौथ्या खेपेस त्याने मसुदा आणला, मी त्यात तांबड्या शाईने सतरा ठिकाणी दुरुस्त्या केल्या. सहाव्या खेपेस तीन उरल्या. ‘जेवढे सिद्ध करता येईल तेवढेच मागावे, म्हणजे नोटीस पडत नाही,’ हेही मी त्याला सांगून बसलो होतो; त्याने शांतपणे सारे दंड व शुल्के गाळून आकडा पुन्हा ७०६ रुपये ८२ पैशांवर आणला. मी म्हटले, “तेही लागू नाहीत. तार बंद होती.” तेव्हा त्याने पिशवीतून एक तक्ता काढला. त्या जुलैत १ तारखेपासून ९ तारखेपर्यंत तार चालू होती, आणि त्या नऊ दिवसांत कोणी तरी, रोज दुपारी दोन ते साडेचार, म्हणजे माझ्या वामकुक्षीच्या वेळी, तीवरून चलच्चित्रे पाहिली होती. वैध मार्गाने विचार करता तो नातू असावा. गवळ्याने नऊ दिवस दूध घातले होते.

मार्चच्या अखेरच्या आठवड्यात, म्हणजे वसुलीच्या खऱ्या हंगामात, ती नोटीस रजिस्टर पोस्टाने, पोहोच पावतीसह आली. जावक क्रमांक होता, दिनांक होता. विषय, संदर्भ एक ते चार. ‘उपरोक्त विषयान्वये येणेप्रमाणे कळविण्यात येते की’ अशी सुरुवात होती. थकबाकीचा तपशील परिशिष्ट ‘अ’ मध्ये होता. पंधरा दिवसांची मुदत होती. आणि मग नवी ओळ, ‘अन्यथा,’ आणि कोरी जागा. मी ती दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना, ती माझ्याच हाताखाली घडली आहे हे पुरते ठाऊक असतानाही, छातीत काही तरी हलले. त्याच दुपारी मी मुलाला बोलावून ७०७ रुपये दिले आणि वरचे १८ पैसे अनामत म्हणून नोंदवून पावती घेतली. पावती त्याने न मागता दोन प्रतींत दिली. जाताना तो पाया पडला व म्हणाला, “काका, सरांना मसुदा फार आवडला.” ह्या वाक्याकडे मी तेव्हा द्यावयास हवे होते तितके लक्ष दिले नाही.

पावसाळा सुरू झाल्यावर एका संध्याकाळी आमचे शेजारी, जे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत आणि ज्यांनी भाचीच्या आग्रहास बळी पडून हप्त्यांवर एक भला थोरला दूरदर्शन संच घेतला आहे, ते छत्री दारात निथळत ठेवून आत आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. खिशातून त्यांनी चौपदरी घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला व म्हणाले, “तुम्ही सरकारात होता. हे जरा बघा. ह्यात काही फट सापडते का?”

मी कागद उलगडला. कंपनी निराळी होती, रक्कम निराळी होती. जावक क्रमांक होता. ‘येणेप्रमाणे’ होते. मी सवयीने ओळीवर बोट ठेवून वाचीत गेलो, नवी ओळ आली, तिच्यापुढची कोरी जागा आली, आणि मी चष्मा काढून पुसला.

“दोन रात्री डोळा नाही,” शेजारी म्हणाले. “ते फोनवर ओरडायचे ना, ते परवडलं. हे... हे ज्यानं लिहिलंय, त्याला घरदार, मुलंबाळं काही असेल का हो?”

ही चहाचे कप घेऊन आतून येत होती. “आहे की,” कप त्यांच्यापुढे ठेवीत ती म्हणाली, “एक मुलगा आहे. पुण्याला असतो.”